शरणम्माचा वाकडा अंबाडा

शरणम्माला भाकरी थापताना बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं की या बाईच्या हातात काही खोट आहे. परातीत भाकरी गरगर फिरत मोठी व्हायची आणि अलगद तव्यावर जायची. लातुरात क्लाससाठी आलेली चाळीसेक पोरंपोरी तिच्या मेसमध्ये दोन वेळा जेवायची. ज्वारीला नाक मुरडणारं पोरगंसुद्धा महिन्याभरात तिसरी भाकरी मागायला लागायचं. पण वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला की शरणम्मा हाक मारायची, "केवळाबाई, जरा ये गं." केवळाबाई तिच्या हाताखालची बाई, उंचीला तिच्या खांद्याएवढी. ती बिचारी स्टुलावर चढून डबा काढायची आणि चांगली उंचनिंच शरणम्मा खाली उभी राहून तिला "सांभाळून गं" म्हणायची. शरणम्माचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाने तो तसा करून ठेवला होता. औसा तालुक्यातल्या गावात तिचं माळवदाचं घर होतं, ते दगडामातीसकट खाली आलं. नवरा गेला. सहा वर्षांची शिवकन्या आत्याकडे पत्र्याच्या खोलीत झोपायला गेली होती, म्हणून वाचली. शरणम्मा दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होती. उजवा हात तुळईखाली अडकलेला आणि डाव्या मुठीत गळ्यातलं इष्टलिंग. जवानांनी बाहेर काढलं तरी ती मूठ उघडली नव्हती, असं आत्या सांगायची.

मूठ पुढे उघडली, पण सवय गेली नाही. रस्त्याने ट्रक गेला, आभाळ गडगडलं, शेजाऱ्याने बोअरची मोटर चालू केली, की शरणम्माचा डावा हात आपोआप इष्टलिंग ठेवलेल्या गळ्यातल्या चांदीच्या डबीवर जायचा. हातात वरणाची पळी असली तर पळी पातेल्यात जायची. मेसमधल्या पोरांना वाटायचं, मावशी फार देवभक्त आहेत. शरणम्माही त्यांना तसं वाटू द्यायची.

तेव्हापासून तिचा अंबाडा शिवकन्या बांधायची. सुरुवातीला पाटावर उभं राहून. तेव्हाचे ते अंबाडे कधी कानावर यायचे, कधी दुपारपर्यंतच सुटायचे, पण शरणम्माने कधी तक्रार केली नाही. मग पोरगी वाढली, पाट सुटला, हात बसला. रोज सकाळी क्लासला निघण्याआधी ती तेलाची बाटली आणि फणी घेऊन आईच्या मागे बसायची. घरातलं सगळं बोलणं त्याच पाच मिनिटांत व्हायचं, कारण नंतर एकीला चूल आणि दुसरीला पुस्तक सोडत नसे.

बारावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, याच पाच मिनिटांत शिवकन्या म्हणाली, "अव्वा, मेडिकलला नंबर लागला तर मी फक्त लातूरचं कॉलेज भरणार. न्हाई मिळालं तर हितंच बीएस्सी करीन."

"कशापायी? बाहेरची कॉलेजं काय वाईट हायत?"

"मग तुझा अंबाडा कोण बांधंल?"

ती हे हसत हसत म्हणाली. शरणम्माला मात्र त्या दिवशी घास गोड लागला नाही. दुसऱ्यांची पोरं खाऊपिऊ घालून तिने डॉक्टर केली होती आणि आपली पोरगी आपल्याच केसांत अडकून बसणार, हे तिला सोसवेना. पोरगी जावी असं तिला मनापासून वाटत होतं आणि पोरगी गेली तर कसं व्हायचं याची धास्तीही वाटत होती. तिने मनाशी ठरवलं, की प्रवेशाच्या आत हा हात वर न्यायचाच.

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड कधीच जुळलं होतं, सांधा मात्र वापराविना आखडला होता. हळूहळू हलवत राहा, म्हणाले. दाराला कप्पी लावून दोर ओढायचा व्यायाम दिला. शरणम्माने तो पंधरा दिवस केला. मग त्या दोरावर केवळाबाईने ओले टॉवेल टाकायला सुरुवात केली आणि व्यायामाचं वाळवण झालं.

तिची ही फजिती बघत होते सिद्धलिंगअप्पा. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ एकेकाळी तालमीतला नावाजलेला गडी. गंजबाजारातलं भुसाराचं दुकान आता मुलं बघत होती, बायको गेली होती आणि सुनेच्या हातचं तिखट सोसत नाही म्हणून अप्पा दुपारी बाराला, पोरांचा गोंधळ सुरू होण्याआधी, शरणम्माकडे जेवायला यायचे. अंगावरचं मांस उतरलं होतं, पण मान अजून पैलवानाचीच होती.

"टाक तो दोर," एक दिवस ते ताटावरून म्हणाले. "गदा फिरव."

"मी काय मारुती हाय का, अप्पा?"

"मारुतीचा खांदा कधी दुखला म्हणून ऐकलंस का?"

आठवड्याभरात अप्पांनी वेल्डिंगवाल्याकडून गदा करून आणली. पाण्याच्या पाइपाचा हातभर लांब तुकडा, त्याच्या टोकाला शाळेत पोरं फेकतात तो लोखंडी गोळा. गोळा कुठल्या शाळेचा, हे विचारायचं नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. सगळी मिळून चार किलोची. मात्र पहिला महिना त्यांनी तिला गदेला हातही लावू दिला नाही. नुसता मोकळा पाइप दिला.

रोज तीनला, मेस आवरल्यावर आणि शिवकन्या क्लासला असताना, दोघं गच्चीवर जायची. पाण्याच्या टाकीच्या सावलीत अप्पा खुर्ची टाकून बसायचे. शरणम्मा पदर खोचून उभी राहायची. दोन्ही मुठी एकीवर एक ठेवून पाइप छातीसमोर उभा धरायचा, मग एका खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, पाठीवरून झुलत दुसऱ्या खांद्याकडे आला की पुढे ओढून घ्यायचा. ऐकायला सोपं. पण शरणम्मा पाइप आवळून धरायची आणि वरून खाली दणकवायची.

"अगं, मिरची कांडून राहिलीस का?" अप्पा ओरडायचे. "मूठ सैल सोड. कोपरं आत घे. कंबरेत वाकू नको. पाठीमागं तिला तिच्या वजनानं झुलू दे, घाई करू नको. दुखलं की थांब. दुखणं अंगावर काढायचं न्हाई."

खांदा तक्रार करायचा, पण रोज बोटभर जास्त सरकायचा. संक्रांतीनंतर अप्पांनी गदा हातात दिली, तीही गोळ्याच्या जवळ धरायला लावून, म्हणजे वजन कमी लागतं. आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. गदा डोळ्यांसमोर असेपर्यंत शरणम्मा ठीक असायची. ती पाठीमागे गेली, दिसेनाशी झाली आणि खांद्यावर तिचा भार आला, की डावा हात दांडा सोडून सरळ गळ्यातल्या डबीवर जायचा. सगळं वजन एकट्या दुखऱ्या हातावर यायचं आणि ती गदा कशीबशी खाली टेकवायची. रोज तेच. अप्पा ते बघत होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती टेकवायला चुकली. डावा हात सुटला, उजव्याला पेललं नाही आणि लोखंडी गोळा गच्चीच्या स्लॅबवर दाणकन आदळला. खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या आठ पोरी अभ्यास करत होत्या. लातुरातल्या माणसाला असा आवाज झाल्यावर विचार करायला लागत नाही. "भूकंप! भूकंप!" करत आठही जणी जिना उतरून रस्त्यावर आल्या. एकीच्या डोक्याला मेंदी होती, एकीच्या हातात रसायनशास्त्राच्या नोट्स होत्या आणि त्यांना बघून समोरचा झेरॉक्सवाला दुकान उघडं टाकून पळाला. गच्चीवर शरणम्मा डबी घट्ट धरून, डोळे मिटून उभी. आवाज आपणच केला आहे, हे माहीत असूनही.

रविवारची परीक्षा देऊन शिवकन्या त्याच वेळी परत आली. ती धावत वर गेली आणि गदा, अप्पा, आई आणि स्लॅबला पडलेला वाटीएवढा खळगा बघून भडकली.

"हे काय करून राहिलीस अव्वा? उरलेला हात बी घालवायचाय का? आणि अप्पा, तुम्ही मोठे असून?" तिने गदा उचलली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून, धापा टाकत अप्पांच्या घरी पोचती केली. परत येऊन म्हणाली, "मी कुठं जाणार न्हाई म्हणलं ना? मग विषय संपला."

दुसऱ्या दिवशी अप्पा जेवायला आले तेव्हा शरणम्माने ताट ठेवलं आणि तिला रडू फुटलं. "मला लाज वाटते अप्पा. बारा वर्सं झाली. माती कधीच खाली बसली. पण पाठीमागं काय जड आलं, की मी अजून तिथंच असते."

अप्पांनी घास खाली ठेवला. "त्यात लाज कसली? गळ्यातल्या लिंगानं तुला तारलं, तू त्याला धरणारच." मग म्हणाले, "आम्ही आखाड्यात उतरताना काय करायचो, ठाऊक हाय? गळ्यात ठेवलं तर झोंबाझोंबीत दोरा तुटायचा. अंगावेगळं तर करता येत न्हाई, बेंबीच्या खाली येऊ द्यायचं न्हाई. मग फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायचो. डाव्या दंडाला. घट्ट. मग त्याला धरायचं काम उरत न्हाई, ते आपल्यालाच धरून असतं."

शरणम्माने डोळे पुसले. दुपारी तीनला ती गच्चीऐवजी अप्पांच्या मागच्या अंगणात गेली. जुन्या धुवट लुगड्याची पट्टी तिने सोबत नेली होती. डबी तिने त्या पट्टीत गुंडाळली आणि अप्पांच्या सुनेकडून बांधून घेतली, पण उजव्या दंडाला.

"डाव्या म्हणलो होतो," अप्पा म्हणाले.

"डावा धड हाय अप्पा. दुखऱ्याला जास्त गरज हाय."

शरणम्माने गदा उचलली, खांद्यावरून मागे सोडली. भार आला. डाव्या हाताची बोटं दांड्यावर चुळबुळली, पण छातीवर धरायला आता काही नव्हतं आणि जे धरायचं होतं ते त्या वर गेलेल्या हातालाच बांधलेलं होतं. गदा पाठीवरून झुलली, दुसऱ्या खांद्यावरून पुढे आली. अप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले. सून हातातलं सूप तसंच धरून बघत राहिली. अप्पा म्हणाले, "हाव! अशी!" आणि मग आपणच नाक शिंकरायला आत गेले.

त्यानंतर ती चुकली नाही असं नाही. एकदा पोटरीवर घेतली, एकदा अप्पांच्या तुळशीचा कठडा फोडला. पण हात वर जात राहिला. व्यायाम झाला की डबी पुन्हा गळ्यात जायची. एप्रिलमध्ये एकदा गदा पाठीमागे सोडताना तिच्या उजव्या मुठीला काहीतरी मऊ लागलं. शरणम्मा थबकली. तो तिचा स्वतःचा अंबाडा होता, सकाळी लेकीने बांधलेला. बारा वर्षांत तो हात अंबाड्याला शिवला नव्हता. तिने गदा भिंतीला टेकवली आणि बराच वेळ तो नुसता चाचपून बघितला.

मे महिन्यात सीईटी झाली. जूनमध्ये निकाल लागला आणि पोरीने पांग फेडले. मार्क चांगले होते, पण लातूरला पुरतील असे नव्हते. शरणम्माच्या धाकाने फॉर्मात बाहेरची नावं भरली होती, त्यातलं नांदेड लागलं. शिवकन्या मात्र हटून बसली. "बीएस्सी करते म्हणलं ना," एवढंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेल-फणी घेऊन आली, तर आईचा अंबाडा बांधलेला. डावीकडे कललेला, दोन बटा बाहेर, आकडे उलटे खोचलेले.

"कुणी बांधला? केवळाबाईनं?" शिवकन्याने विचारलं. चुलीपाशी बसलेल्या केवळाबाईने दोन्ही हात झटकले.

शरणम्माने आकडे काढून दातांत धरले. केस मोकळे झाले. मग दोन्ही हात वर गेले, कोपरं कानांपाशी आली, केसांचा पीळ पडला, गोल फिरला आणि आकडे बसले. पहिल्याहून वाकडा अंबाडा झाला. शिवकन्या फणी धरून तशीच उभी राहिली. मग फणी टाकून तिने आईच्या पाठीवर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडली नव्हती तेवढी रडली. "मग मी आता सकाळी काय करू?" असं काहीतरी ती म्हणत होती. शरणम्मालाही रडू येत होतं, पण तवा तापला होता.

नांदेडला जायच्या दिवशी आत्या सोबतीला आली. अहमदपूरवरून जाणारी एसटी लागली होती. ट्रंक वर चढली, दोघी खिडकीपाशी बसल्या. शरणम्मा खाली उभी होती. शिवकन्या गजांतून बघत राहिली, मग तिला राहवेना.

"अव्वा, लई वाकडा झालाय आज."

"असू दे. माझा हाय."

तरी लेकीसमोर वाकडा नको म्हणून तिने तिथंच, फलाटावर, अंबाडा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. खिडक्यांच्या काचा थडथडल्या, पायाखालची फरशी हादरली, सगळी गाडी गुरगुरत मागे आली आणि वळली. शिवकन्या खिडकीतून बघत होती. शरणम्माचे दोन्ही हात केसांत होते, आकडे दातांत. म्हणून तिला धड "नीट जा" सुद्धा म्हणता आलं नाही.

घरी येऊन तिने पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी तव्यावर टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गाडी हलली तेव्हा आपला हात गळ्याकडे गेला नव्हता.