इनाची ताठ मान

बस चालवणारी इना मोफॅट स्कॉटलंडच्या संसदेवर निवडून आली. नव्या संसदेने एडिनबराच्या जुन्या चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायचा, ही आमची रीत. इना देव मानत नव्हती. "मी येणार नाही," तिने आईला बजावलं.

तिची आई नेटा तिथल्याच गायकवृंदात होती. "तुला प्रार्थना कर म्हणतंय कोण? पाद्री तुम्हा मंडळींना गरिबांची आठवण करून देणार आहेत. तेवढं तरी ऐक!"

इना गेली, सगळं प्रवचन मन लावून ऐकलं. प्रार्थनेला सगळ्यांच्या माना झुकल्या. ती ताठ बसली.

शेजारचा खासदार कुजबुजला, "अगं, मान खाली घाल. कॅमेरे आहेत!"

"कॅमेऱ्यासाठी तर मुळीच नाही."

बाहेर नेटाने तिचा हात धरला. "हट्टी कुठली! चल, गरम सूप पिऊ."