खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

'फुकट' या शब्दाची मला अजून चीड येते. देशाचा बाजार मोकळा झाला, गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले, त्या दिवसांत मी केजला कॉम्प्युटरचे क्लास चालवत होतो. एकदा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी बोलावून माझ्या हातात एक सीडी ठेवली. पुण्याच्या काही हौशी इंजिनिअरांनी रुग्णांच्या नोंदींसाठी प्रोग्रॅम केला होता. फुकट घ्या, हवा तसा बदला, कुणाला विचारायची गरज नाही. मी खूश झालो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे आठवड्याभरातच कळलं.

मॅडमना तो हवा होता ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. दसऱ्याला सोनं वाटलं की मुकादमांचे ट्रक हलत, आणि अर्धे उपचार झालेले क्षयाचे रुग्ण परजिल्ह्यात कारखान्यावर जाऊन पडत. तिथल्या दवाखान्यात हाच प्रोग्रॅम आधीच चालू झाला होता. आमचा चालू झाला की नोंदी फ्लॉपीवर घालून तिकडं पाठवायच्या, एवढंच काम.

मी मशीनशी झटत असायचो तेव्हा बाहेरच्या बाकावर जवळच्या वाडीतली एक ऊसतोडीची बाई क्षयाची सुई घ्यायला येऊन बसे. हसरी, बोलघेवडी. तिच्या सुया संपत आल्या होत्या, पुढं फक्त गोळ्या. मॅडम मला म्हणाल्या, "हिची नोंद तिकडं पोचली नाही, तर ते पहिल्यापासून सुया सुरू करतील. आणि ही सुई जास्त झाली की कान जातात." तिला घरी राहा म्हणावं, तर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला मुकादम उभं करत नाही.

प्रोग्रॅम उत्तम होता, ते नाकारत नाही. पण तो मशीनवर बसवायचा म्हणजे दिव्य. सूचना इंग्रजीत, त्याही इंजिनिअरनं इंजिनिअरला सांगाव्यात तशा. आधी हे बसवा, मग ते, मग त्याची जुळणी. आणि इथंच घोडं पेंड खात होतं : अर्ध्यात वीज गेली की सगळं पहिल्यापासून. केजला वीज न जाण्याचा दिवस कुणी पाहिलाय? शेवटी मी क्लासातला इन्व्हर्टर उचलून दवाखान्यात नेला आणि अष्टमीच्या संध्याकाळी पुन्हा सुरुवात केली. सकाळपर्यंत काम होणार होतं. दसऱ्याच्या आत फ्लॉपी तयार.

सकाळी जाऊन बघतो तर पडदा काळा. वर झेंडूची माळ, कपाळावर लावावं तसं हळदकुंकू, पुढं फोडलेला नारळ. खंडेनवमी होती. दवाखान्यातले शिपाईमामा प्रसाद घेऊन पुढं आले.

"मामा, हे बंद कुणी केलं?"

"म्याच की. आज सनाचं कावून राबवायचं त्याला, सर? रातभर घुरघुरत व्हतं बिचारं."

मामांना काय बोलणार? नांगर, तराजू, शिलाईमशीन, खंडेनवमीला सगळ्यांनाच विसावा असतो. माझ्या क्लासातले कॉम्प्युटरही त्या सकाळी बंद करूनच मी पुजले होते. खोबऱ्याचा तुकडा हातात धरून मी तसाच एसटीडी बूथवर गेलो आणि पुण्याला फोन लावला.

तिकडचा पोरगेला आवाज म्हणाला, "पण मध्येच मशीन बंद कोण करतं?"

"आम्ही करतो," मी ओरडलो. "आमच्याकडं वीज करते, सण करतो, उंदीर करतात. तुम्ही हे कुणासाठी बनवलंय?"

"मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दान दिलंत, चांगलं केलंत. पण जेवायला बोलावून ताट माळ्यावर ठेवायचं आणि शिडी तुमची तुम्ही आणा म्हणायचं, याला दान म्हणतात? या वेळी तर अर्धवट बसलेला प्रोग्रॅम पहिल्यापासूनही बसेना आणि निघेनाही. त्यांचा माणूस दिवाळीनंतर येईन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ट्रक हलला. मॅडमनी त्या बाईला शिक्का मारून चिठ्ठी लिहून दिली होती, कुणाला कशी दाखवायची ते दोनदा समजावलं होतं. दिवाळीनंतर पुण्याचा माणूस आला, दुपारभर बसला, प्रोग्रॅम चालू करून चहा पिऊन गेला. फ्लॉपी गेली, पण तोवर तिकडं सुया सुरू होऊन बरेच दिवस झाले होते.

गुढीपाडव्याच्या सुमारास ती दवाखान्यात दिसली, त्याच बाकावर, नवऱ्याशेजारी. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिनं मान वळवली नाही. नवरा उठून माझ्याजवळ आला.

"मोठ्यानं बोलून उपेग न्हाई, सर. कान गेलेत तिचे."

"चिठ्ठी दाखवली नव्हती का?"

"दावली की. मशिनीत नाव न्हाई म्हनले."

ती बाकावरून आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होती, काय चाललंय ते कळावं म्हणून.