बाळंतिणीच्या शेताचा बांध

एमएस्सीचा निकाल लागला त्याच महिन्यात मी पेणजवळचं आमचं गाव, कासू, सोडलं आणि पीएचडीसाठी बेंगळुरूला गेले. स्टेशनवर आईने पोह्याच्या पापडांची पिशवी हातात दिली. "तिथल्या पोरींना वाट गो. पापड खाल्लेलं मानूस कामाला नाय म्हनत नाय."

माझा विषय खाऱ्या जमिनीत तगणारं भात. आमची शेती खाडीलगत, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. शेवटच्या प्रयोगात कुंड्यांतल्या पाण्याचा खारटपणा रोज मोजायचा होता. भात फुलोऱ्यावर आलं की एक दिवसही चुकवून चालत नाही. फुलोरा आणि माझं बाळंतपण एकाच महिन्यात येणार होतं. गाईड म्हणाले, "प्रयोग दुसऱ्या कोणाला देऊ. पेपरवर पहिलं नाव त्याचं येईल, तुझं नंतर."

आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "उधानात बांध फुटला तर बालंतिनीच्या घरातनं कोनी मानूस मागतं काय? नि तिच्या शेतात खारं पानी शिरू देतं काय?"

कासूत दोन्ही होत नाही. बाळंतिणीचं घर सोडून घरटी एक माणूस येतो आणि बांध गाव बांधतं. शेत तिचंच राहतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर तेच मागितलं. माझ्या रजेत लॅबमधल्या तिघींनी पाळीने पाणी मोजावं, त्यांच्या रजेत मी मोजेन. पहिलं नाव माझंच राहील आणि ते आजच ठरावं.

"ही काय गावकी आहे?" गाईडनी विचारलं.

"हो, सर."

तिघींपैकी लता म्हणाली, "आम्ही हिचे पापड खाल्लेत, सर. आता नाही म्हणता येत नाही." मग माझ्याकडे वळून, "कुंड्या मेल्या तर रडत बसायचं नाही."

सर हसले आणि हो म्हणाले.

मुलगी झाली. कुंड्या जगल्या. पेपर छापून आला, पहिलं नाव माझं.

पेण-रोह्याकडच्या संशोधन करणाऱ्या मुली आता मला रजेबद्दल विचारतात. मी सांगते, रजेवर जाण्याआधी मागा, सगळ्यांसमोर मागा, नावांचा क्रम तेव्हाच ठरवून घ्या. नवऱ्याशीही आधीच ठरवा. आमच्याकडे सकाळचा डबा तो करतो.

आता माझी स्वतःची लॅब आहे आणि तिथे हाच नियम आहे. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी अजून कासूच सांगते.

गेल्या महिन्यात माझी रोह्याची विद्यार्थिनी बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिचं भात फुलोऱ्यावर आलंय. आजची पाळी माझी होती. सकाळी पाणी मोजलं.