दुसरीचा मध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — ह्यांना नाही, लेकींना नाही. नातीला सांगायला गेले, तर तिनं रेकॉर्ड करायला मोबाइलच समोर धरला. विषय बदलला.

तरुणपणी मी सेमाडोहला, कोरकू आदिवासींच्या जंगलातल्या गावात, मास्तरीण होते. मूळची वलगावची, पण ट्रेनिंगमध्ये माझ्या 'मले-तुले'ला सगळ्या हसल्या, तेव्हापासून मान ताठ करून 'मला' म्हणायचे. जणू 'ले' सोडला की अक्कल येते! असली दीडशहाणी कोरकू भाषेतल्या गोष्टी लिहून घ्यायला बसली — आणखी काय होणार?

गोष्ट सांगायची सुकाय, शाळेशेजारची कोरकू म्हातारी. दोन बहिणी जंगलात उपाशी बसल्या, झाडानं त्यांना मध दिला — एवढीच गोष्ट. आपला 'ले' असतो ना, तिथं कोरकूत 'केन' लागतो. पण सुकाय बहिणीच्या शब्दाला जोडून म्हणायची 'किंगकेन'. मला वाटलं, दात नाहीत, अडखळते बिचारी. 'किंग' गाळला. केवढी सुधारणा केली मी!

पुस्तिका छापून आली. शाळेच्या ओट्यावर, पोरं नि आयाबाया जमवून, मी ऐटीत वाचून दाखवली. सुकाय हळूच म्हणाली, "मास्तरीणबाई, झाडानं तं दोघींले मध देल्ला. दुसरीले काहून उपाशी ठेवलं?"

तेव्हा कळलं. 'किंग' म्हणजे दोघं. फक्त दोघं — एक नाही, घोळका नाही. अंगावर काटा आला. आपल्याकडे जोडपं असो की अख्खी वरात, सगळ्यांना एकच 'त्यांना'. आणि ह्या भाषेनं दोघांसाठी निराळी जागा राखलेली! इतकं देखणं काही मी तोवर ऐकलं नव्हतं — आणि तेच मी खोडलं होतं.

मग काय केलं? कान धरले? छे. सगळ्यांदेखत म्हणाले, "तूच असं सांगितलं होतंस. माझ्या वहीत आहे."

सुकायला वाचता येत नव्हतं. तिनं ओळीवरून बोट फिरवलं — जणू तिथं कुठं दुसरी सापडेल. मग म्हणाली, "कागदात हाय, तं असंन." आणि त्यानंतर पोरांना ती तशीच सांगू लागली — नुसता 'केन'. माझा कागद खरा, तिची जीभ खोटी.

गेल्या वर्षी सेमाडोहला गेले होते. एक आई मांडीवरल्या लेकराला तीच गोष्ट सांगत होती. कान कमी ऐकतात आता, म्हणून अगदी जवळ जाऊन बसले. येतो का 'किंग'? झाड आलं, मध आला. एकीनं खाल्ला.

दुसरी तिथंच बसून होती.