पाहुणीचे रविवार

पडद्याआडून ऐकू नये म्हणतात. मी मात्र ऐकलं, आणि पडदाही कसला, तर ओल्या चादरींचा. इस्पितळाच्या धुलाईघरामागच्या अंगणात आठ दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या आणि त्यांच्या पलीकडे दोन बहिणी भांडत होत्या, त्यातली धाकटी आमच्याबरोबर कामाला. मला कामाला लागून जेमतेम महिना झाला होता. चिमट्यांची टोपली कडेवर घेऊन मी जागच्या जागी उभी राहिले. पुढे जावं तर दिसेन, मागे फिरावं तर पुढचं ऐकायला मिळणार नाही.

थोरली म्हणत होती, "वर्षातून दोनदा देवळात तोंड दाखवतेस! नाताळला एकदा, ईस्टरला एकदा. पाहुणी आहेस का तू?"

धाकटी म्हणाली, "पाहुणी असते तर बरं झालं असतं, ताई. पाहुणीला बसायला जागा तरी देतात. तुझ्या त्या बाकावरच्या बायका मला बघितलं की पदर पसरून बसतात."

"मग दर रविवारी ये. कोण पसरेल पदर?"

"आणि इथे कोण थांबेल? रविवारी एकीला थांबावंच लागतं. ऑपरेशनच्या खोलीला आणि बाळंतिणींना चादर लागते, त्यांना वार कळत नाही. पाच जणींनी आळीपाळीने थांबायचं म्हटलं तर पाचही जणींचा रविवार नासतो. त्यापेक्षा एकीचाच नासू दे की."

"म्हणजे त्या चौघी स्वर्गात जाणार आणि तू चादरी पिळत बसणार!"

"मग स्वर्गातल्या चादरी कोणीतरी धुवायला नकोत का?"

थोरली चिडून तरातरा निघून गेली. मी इकडे तोंडात पदर कोंबून हसत होते. आणि त्याच दुपारी डबा खाताना बाकीच्या तिघींना मी ते सगळं सांगितलं, हातवारे करून, दोघींचे आवाज काढून. त्या दिवसापासून धाकटीचं नाव पाहुणी पडलं. ते नाव मी पाडलं, हे आज लिहूनच टाकते. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली, रागवायला ती काही येणार नाही. तशी ती रागवायचीही नाही, तीच तर मोठी अडचण होती.

आमच्या धुलाईघरात काम कसं चाले तेवढं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही पाच जणी होतो. प्रत्येकीला एक पितळी बिल्ला, त्यावर आकडा कोरलेला. सकाळी आल्यावर फाटकाजवळच्या लाकडी पेटीत बिल्ला टाकायचा. मुकादम दहा वाजता डोळे चोळत यायचा आणि पेटी उघडून बिल्ले बघायचा. तो आकडे बघायचा, माणसं नाही. रविवारी फक्त एकच बिल्ला पडायचा, ज्या कोणाची पाळी असेल तिचा. बिल्ला त्या बाईचा असे, हात मात्र पाहुणीचे. शनिवारी ती ज्या बाईची पाळी असेल तिच्याकडून बिल्ला घेऊन जाई, रविवारी पेटीत टाकी आणि सोमवारी परत देई. तिची एकच अट होती. "नाताळ आणि ईस्टर तेवढे मला द्या. बाकीचे तुमचे."

त्या दोन दिवशी आम्ही चौघी चिठ्ठ्या टाकायचो. जिच्या नावाची चिठ्ठी निघे, ती आठवडाभर तोंड फुगवून बसे. "एवढ्या मोठ्या दिवशी मला मेलीला इथे डांबलं!" असं म्हणताना पाहुणी शेजारीच उभी असे, पण आमच्यापैकी कोणाच्या जिभेला कधी हाड असलेलं मला आठवत नाही.

हे सगळं चोरून चाले. धुलाईघराच्या भिंतीवर पाटी होती. मी दोन इयत्ता शिकलेली, पण ती पाटी अक्षर अक्षर जुळवून वाचली होती. दुसऱ्याचा बिल्ला टाकणाऱ्या आणि टाकायला देणाऱ्या, दोघींनाही कामावरून काढण्यात येईल. खाली मेट्रनबाईंची सही. आणि मेट्रनबाई म्हणजे आमच्याच चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. दर रविवारी पहिल्या बाकावर, हातात पांढरा रुमाल. मागे वळून बघायच्या, आम्ही चौघी आलो आहोत ना ते. त्यांच्या मते आम्ही फार धार्मिक बायका. नेमकी आमची पाळी रविवारी कधीच कशी येत नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कशाला सांगतोय!

नाताळला पाहुणी यायची ती इस्त्रीच्या कपड्यांत, केसाला तेल लावून. हातांवर मात्र सोड्याने पडलेल्या भेगा. चर्च त्या दिवशी उतू जाई. नेहमीच्या लोकांना आपली जागा मिळत नसे, मग त्यांचा सगळा राग या सणासुदीच्या लोकांवर. आमच्यातली चष्मेवाली पुटपुटायची, "आल्या बघ दोन दिवसांच्या राण्या! वर्षभर देव उपाशी आणि सणाला पंगतीत पहिल्या." मध्येच प्रार्थनेचे शब्द बदलले होते, ते पाहुणीला माहीत नव्हते. ती मोठ्याने जुनेच शब्द म्हणाली. आमच्या बाकावर खसखस पिकली. मीही हसले. ज्या बाईने मागचे पन्नास रविवार आमच्यासाठी चादरी पिळल्या, तिला नवे शब्द ठाऊक नाहीत म्हणून आम्ही हसलो. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, याचंच आज नवल वाटतं.

अशी बावीस वर्षं गेली. तिची ताई मध्येच वारली. ताईची मुलगी पाहुणीनेच वाढवली, शिकवली, तिचं लग्न करून दिलं. पाहुणीचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. मला भाचीच्या लग्नाचं वर्ष आठवतं, कारण त्या वर्षी तिने पहिल्यांदा दोन दिवस रजा मागितली आणि मुकादमाला वाटलं की ती आजारी आहे. मग भाचीला मुलगी झाली. त्या दिवशी पाहुणी पिळण्याच्या यंत्राजवळ उभी राहून एकटीच हसत होती. मी विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?"

"भाची म्हणते, बाप्तिस्म्याला बाळाला हातावर घेणारी धर्ममाता मावशीच होणार. दुसरी कोणी चालणार नाही म्हणते. मी! मला कोण विचारतं एरवी?"

तिने तीन वर्षांच्या साठलेल्या रजेचे पैसे काढून नवा पोशाख शिवायला टाकला. मोतिया रंगाचा. रोज डब्याच्या वेळेला शिंप्याकडच्या मापाच्या गोष्टी. आम्ही कंटाळलो होतो, पण इतक्या हक्काने कशाबद्दल बोलताना आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी नवे फादर आले होते. तरुण, नियमाचे पक्के. त्यांनी सांगितलं, धर्ममाता होणारी बाई दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला येते, असं महिला मंडळाने सांगायला हवं. कागदावर सही करायची. त्यासाठी एका संध्याकाळी आम्ही सगळ्या चर्चच्या बाजूच्या खोलीत बसलो. फादर टेबलामागे, मेट्रनबाई त्यांच्या उजव्या हाताला, समोर लाकडी खुर्च्यांवर मंडळाच्या बायका, त्यात आम्ही चौघीही. दाराजवळ पाहुणी, मांडीवर पिशवी, आणि तिच्या शेजारी भाची, खांद्यावर बाळ.

फादरांनी विचारलं, "या बाईंना कोण ओळखतं?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "आमच्या इस्पितळात आहेत कामाला. काम उत्तम. पण खरं सांगू फादर, नाताळ आणि ईस्टर सोडून मी यांना चर्चमध्ये कधी पाहिलं नाही. तुमच्यापैकी कोणी पाहिलंय?"

बाळाचा श्वास ऐकू येत होता. मी फरशीकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. ती येत नाही, कारण आम्ही येतो. एवढंच. पण ते वाक्य बोललं की भिंतीवरची पाटी डोळ्यांपुढे येत होती. पाच बिल्ले, पाच घरं, माझ्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. आणि समोर पाटीवर सही करणाऱ्या बाई.

चष्मेवाली उठली. मला वाटलं, ही आता बोलणार! गेल्याच रविवारी तिची पाळी पाहुणीने केली होती. चष्मेवाली घसा खाकरून म्हणाली, "खोटं कशाला बोलू, फादर? देवाच्या घरात बसले आहे. नाही पाहिलं."

देवाच्या घरात बसून खोटं बोलायचं नाही म्हणे! मी तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा अगदी निवांत, जणू खरं सांगितल्याचं पुण्य लागलं. आणि लगेच कळलं की मीही तेच करते आहे, फक्त बसून.

फादरांनी पाहुणीला विचारलं, "हे खरं आहे का?"

पाहुणीने आमच्या चौघींकडे बघितलं. एकेकीकडे, शांतपणे, चादरी मोजतात तसं. मला वाटलं, आता सांगणार ही सगळं. सांगावं, असंही वाटलं. माझी बसलेली दातखीळ तिने उघडावी.

ती म्हणाली, "खरं आहे. नाही येत मी."

"का?"

"जमत नाही, फादर."

"जमवावं लागतं, बाई. देवासाठी आठवड्यातला एक तास." फादर कठोर माणूस नव्हते. हे ते हळूच म्हणाले, समजुतीने. त्यामुळे ते जास्त लागलं.

भाची रडायला लागली. "मावशीनेच वाढवलंय मला," ती म्हणत होती. फादर म्हणाले, वाढवण्याबद्दल प्रश्नच नाही, पण नियम सगळ्यांना सारखा. मग दुसरी कोण? बाप्तिस्म्याची तारीख तर ठरलेली. मेट्रनबाईंनी खोलीवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"या आहेत की. शेजारीच राहतात, बाळ यांच्या अंगाखांद्यावरच असतं. आणि एक रविवार चुकवत नाहीत!"

लोकांना धक्का बसतो म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आपलंच डोकं कोणीतरी धरून हलवावं तसं हलतं. माझं डोकं वरखाली हललं. हो म्हटलं मी. फादरांनी कागद पुढे केला आणि मी सही केली, तीन अक्षरी, वाकडी.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाव मोठं, लक्षण खोटं," आणि कूस वळवून झोपला. पुढे चार दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. त्याच महिन्याअखेर पाहुणी वयाप्रमाणे निवृत्त झाली. मग ती दर रविवारी मिस्साला येऊ लागली. एकही चुकवला नाही. मागच्या बाकावर बसायची. आणि आमच्या बाकावर चष्मेवाली काय म्हणाली असेल? "म्हातारपणी बरा देव आठवला!" तेव्हा मात्र मी तिला म्हटलं, "गप्प बस गं बाई. आता रविवारी चादरी कोण पिळतं ते आठव." कारण आता आम्ही आळीपाळीने पिळत होतो आणि चौघींचे रविवार नासत होते. पण बोलायची वेळ होती तेव्हा बोलले नाही, आता बोलून काय उपयोग? वरातीमागून घोडं.

तर तो बाप्तिस्मा. शुक्रवारी मुकादमाने पुढच्या आठवड्याचा कागद लावला. मी अक्षरं जुळवून वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. रविवारी पाळी माझी होती. ज्या रविवारी मी बाळाला हातावर घेऊन उभी राहणार, तोच. नव्या पोशाखातली पाहुणी जिथे उभी राहायची होती तिथे मी, आणि माझ्या जागी यंत्रापाशी... नाही. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? चष्मेवालीला विचारलं, तर तिला रविवारी पाहुणे. उरलेल्या दोघी म्हणाल्या, "मिस्सा कशी चुकवायची?" मी ठरवलं की सकाळी फादरांकडे जाऊन सांगेन, मला येता येत नाही. कारण विचारलं तर सांगेन. काय व्हायचं ते होऊ दे. असं मी शनिवारी दुपारी ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत तीन वेळा मोडलं.

दिवेलागणीला दार वाजलं. उंबऱ्यात पाहुणी उभी.

"बिल्ला दे."

"अगं, उद्या..."

"माहीत आहे उद्या काय आहे ते. तुझी पाळी आहे. दे लवकर, मला दूध तापवायचंय."

"मी नाही जाणार उद्या. मी फादरांना सगळं सांगणार आहे."

"आणि बाळ कोण घेईल? सांगून पाच जणींच्या चुली विझवशील, वर बाप्तिस्मा पुढे जाईल. त्या पोरीने केक सांगितलाय." तिने डावा हात कोपरात वाकवून दाखवला. "हे बघ, बाळाला डाव्या हातावर घे. मान उजवीकडे ओघळते तिची, अंगठा कानामागे ठेवायचा. पाणी ओतताना ती दचकते. तेव्हा हुं-हुं करायचं, गाणं नाही म्हणायचं, गाण्याने जास्त रडते."

मी आत जाऊन खिळ्यावरून बिल्ला काढला. तिने तो घेतला, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधला, आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"चहा घे," मी म्हटलं.

"नको. बाळंतिणींच्या वॉर्डात आज तिघी आल्या आहेत. उद्या लवकर पाणी तापवायला हवं." आणि ती जिना उतरून गेली.