पट्टा तिचा, भोकं माझी

चामड्याचं काम शिकायला म्हणून कोणी आमच्याकडं आलं की दार मी उघडतो, आणि आलेला माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारतो, "दीदी हैं?"

दीदी म्हणजे माझी बायको. दीदी असतात. पाणी मी आणून देतो, पंखा मी वाढवतो, बसायला पाटही मीच सरकवतो. आलेली पोरगी किंवा पोट्टा तिच्याकडं टक लावून बघत राहतो आणि कागद-पेन काढून विचारतो की दीदी, इतने सीधे टाके कैसे आते हैं. दीदी विचार करून म्हणते, "करते रहो, हाथ बैठ जाता है." झालं शिकवणं! एवढ्यासाठी लोक रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्याच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधत येतात.

मग ती चहा टाकायला उठते आणि शिकणारे हळूच माझ्या टेबलाशी येतात. कारण उघड आहे. जिला पहिल्या दिवसापासून जमलं, ती काय कपाळ शिकवणार? मला कधीच काही पहिल्या फटक्यात जमलं नाही. त्यामुळं चूक कुठं होते, का होते आणि झाल्यावर काय करायचं, हे सगळं माझ्याकडं आहे. तुम्ही नवशिके असाल आणि तुमचे टाके दारू प्यायल्यासारखे जात असतील, तर माझ्याशी बोला. तिच्याशी बोलू नका.

आता हे टेबल कोणाचं आहे तेही सांगून टाकतो. माझं आहे. मी भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघायचो. ती सरकारी नोकरीत. तिचं ऑफिस गावातून उठून नव्या रायपुरात गेलं, तेव्हापासून ती सकाळी ऑफिसच्या बसनं जायची आणि दिवेलागणीला यायची. मी तिच्या आधी घरी यायचो. तो रिकामा वेळ खायला उठायचा, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून मी चामड्याच्या नादी लागलो. एकेक करून हत्यारं मागवली. टेबल खिडकीशी लावलं, भिंतीकडं तोंड करून, म्हणजे उजेड हातावर पडतो. तुम्हीही तसंच लावा. फक्त एक आहे, तसं बसलं की घरात कोण आलं, कोण गेलं, काही दिसत नाही. सगळा कारभार पाठीमागं चालतो.

खरं कारण रिकामा वेळ नव्हता. खरं कारण बाबा होते.

बाबा रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन किती काळ लोटला, तरी सकाळी उठल्यावर पहिलं काम घड्याळाला चावी द्यायचं, मग दात. ते घड्याळ त्यांनी कधी बदललं नाही. पट्टे मात्र बदलावे लागायचे, आणि बाजारातल्या पट्ट्यानं त्यांच्या मनगटाला खाज सुटायची. मी ठरवलं, पट्टा मीच करीन. चांगलं चामडं आणीन, हातानं शिवीन, बाबा तो घालतील आणि काहीतरी म्हणतील. माझे बाबा कोणालाच चांगलं म्हणत नसत. मी पास झालो तेव्हा "हं" म्हणाले. नोकरी लागली तेव्हा गाडी किती वाजता पकडशील ते विचारलं. केस पांढरे व्हायला लागलेल्या माणसानं बापाच्या शाबासकीसाठी झुरावं, हे सांगायला बरं वाटत नाही. पण झुरत होतो बाप्पा, काय करता.

पहिलंच काम म्हणून घड्याळाचा पट्टा कधी घेऊ नका. किल्लीला लावायचा तुकडा करा, चष्म्याचं घर करा, उगाच दोन तुकडे एकमेकांना शिवून फेकून द्या. पट्टा दिसायला चिमूटभर असतो, पण घड्याळाच्या दांडीवर जिथं दुमडतो तिथं चामडं आतून छिलून कागदासारखं पातळ करावं लागतं. रापी, म्हणजे चामडं छिलायची सुरी, बोथट असेल तर ते छिललं जात नाही, फाटतं. मी भीतभीत छिललं. पट्टा जाडच राहिला आणि कडक झाला. मग मला अक्कल सुचली. लहानपणी आम्ही बॅटला जवसाचं तेल पाजायचो, बॅट कशी टणटणीत व्हायची. म्हटलं, लाकडाला चालतं ते चामड्याला काहून नाही चालणार? डब्यात जवसाचं तेल होतंच. मनसोक्त चोळलं. चार दिवस पट्टा लोण्यासारखा मऊ झाला आणि नंतर असा वाळला, की वाकवला तर पापडासारखा मोडेल. बॅट टणटणीत व्हायला पाहिजे असते आणि पट्टा व्हायला नको असतो, एवढं डोक्यात आलं नाही. स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल चामड्याला लावू नका. हे मी हात जोडून सांगतो.

त्यातल्या त्यात बरा झालेला पट्टा बाबांना दिला. त्यांनी सकाळी चावी दिली, मनगटावर बांधला, आणि दुपारी मी जेवायला बसलो तर घड्याळ खिडकीत काढून ठेवलेलं. मी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, "चावते."

बस, एवढंच. मनगटाच्या आतल्या बाजूला लाल रेघ उठली होती, ती मलाही दिसली.

मग आली सुट्टी. मी टेबलाशी बसून टाके उसवत होतो. हिनं भाजी निवडली, हात पुसले आणि मागं येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघितलं अन् म्हणाली, "सरका जरा, मी पाहतो." आमच्याकडच्या बाया पाहतो, जातो असंच बोलतात. मी सरकलो. मनात म्हटलं, पाहा बाई, तुलाही कळू दे किती सोपं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या शिवणाला दोरा एक आणि सुया दोन असतात, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना. एकाच भोकातून इकडून एक सुई जाते आणि तिकडून दुसरी येते. दुसरी सुई चुकून पहिल्या दोऱ्यात घुसली की गाठ पडते, दोरा पुढंही जात नाही आणि मागंही येत नाही. माझं ते दर टाक्याला व्हायचं. मी तिच्या हाताकडं बघत वाट पाहत होतो, आता अडकेल, आता अडकेल. अडकलं नाही. ती टाके घालत गेली आणि टाके एकामागोमाग एक तिरपे, सारखे, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहावीत तसे उभे राहत गेले. कडा गुळगुळीत करायला मी खास लाकडी गुटका मागवला होता. ती उठली, जुनं लाटणं आणलं, कडेला पाणी लावलं आणि लाटण्याच्या मुठीनं अशी घासली की कड काचेसारखी चमकली. लाटणं त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून बाद झालं, आणि टेबलावरून मी.

पोटात दुखलं हे मी साध्या शब्दांत सांगतो. जळफळाट झाला. हत्यारं माझी, चामडं माझं, व्हिडिओ बघून डोळे माझे गेले, आणि हात हिचा बसला! पुढच्या सुट्टीत तिनं माझ्या उरलेल्या चामड्यातून बाबांसाठी पट्टा केला. पातळ, मऊ, दुमडीशी सुबक. बाबांनी बांधला. मनगट वर-खाली केलं, मूठ आवळली, सोडली.

"हे बरं आहे," म्हणाले.

बाबांच्या तोंडून 'बरं' हा शब्द मी आयुष्यात वरणाबद्दलही ऐकला नव्हता. आई गेली ती हा शब्द न ऐकताच गेली. आणि ही काल सुई धरलेली बाई तो घेऊन मोकळी झाली. मी उठून गच्चीवर गेलो आणि वाळत घातलेले कपडे विनाकारण उलटेसुलटे केले. कपडे ओलेच होते.

पुढं तर विचारूच नका. बाबा पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाकावर बसले की बाही सरकवून मनगट पुढं करायचे. सुनेनं केला, असं सांगायचे. तिच्या बसमधल्या बायांनी मोबाईलवर पट्ट्याचा फोटो पाहिला, मग पर्स मागितल्या, मग ओळखपत्राची घरं. नव्या रायपुरात रस्ते एवढे रुंद आणि माणसं एवढी थोडी, की एकीची पर्स लांबूनही दुसरीला दिसते. आमची पोरगी कॉलेजातून आली की दोघांची कामं हातात धरून हिंदीत निकाल द्यायची की पप्पांचं पण ठीक आहे, मेहनत दिसते. मेहनत दिसते! शिवणकामाला याहून मोठी शिवी नाही.

मी तिच्या पर्स चोरून बघायला लागलो. ती आंघोळीला गेली की पर्स उलटी करायची, आतली बाजू उजेडात धरायची आणि वाकडा टाका शोधायचा. वाकडा सापडला नाही. पण रोज शोधता शोधता दुसरंच काहीतरी दिसलं. ती प्रत्येक टाक्याला दोन्ही दोरे सारख्याच जोरानं ओढायची. मी मात्र मूड असेल तसा ओढायचो. ऑफिसात कटकट झाली की करकचून, नाहीतर ढिला. माझ्या कामात माझा आठवडा वाचता यायचा. मग मीही ओढताना मनाला गप्प बसवायला शिकलो आणि टाके बरेच शहाणे झाले. म्हणून नवशिक्यांना सांगतो, ज्याच्या कामावर तुम्ही जळता, त्याचं काम उलटं करून मागून बघा. पोटात दुखतंच आहे तर निदान डोळे तरी तयार होऊ द्या.

त्यानंतर बाबा आजारी पडले. जेवण तुटलं. मनगट बारीक झालं आणि घड्याळ घसरून पंजावर यायला लागलं. एका संध्याकाळी मी टेबलाशी बसलो होतो आणि माझ्या कोपराशी त्यांचा हात आला.

"एक भोक पाड," म्हणाले.

ही बसमधून यायची होती, म्हणून माझ्याकडं आले, असं मी धरून चाललो. तयार पट्ट्याला भोक पाडणं म्हणजे काय ते ऐका. शिवताना चुकलं तर उसवता येतं, भोक बुजवता येत नाही. आधीच्या भोकांच्या रेषेत, तेवढ्याच अंतरावर खूण करायची. खाली लाकडाचा तुकडा ठेवायचा, भोकं पाडायचा पंच सरळ धरायचा आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. हात हलला की पट्टा गेला. आणि पट्टा तिचा होता. तो मी बिघडवला असता तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी श्वास रोखून ठोका दिला. बाबांनी बांधून पाहिला, "हं" म्हणाले आणि गेले.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा ही घरात होती, समोरच तांदूळ निवडत बसलेली. तिच्या समोरून चालत ते माझ्याकडं आले आणि हात पुढं केला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्याकडं वळून बघितलंही, बघितलंस का, म्हणून. ती बाबांच्या हाताकडं बघत होती. मग मीही बघितलं.

त्यानंतर त्यांचं येणं नको वाटायला लागलं. एवढी वर्षं वाट पाहिली की बाबांनी माझ्याकडं काही काम घेऊन यावं, आणि काम आलं ते हे. दर वेळी भोक आणखी आत सरकायचं, पट्ट्याचं शेपूट आणखी लांब लोंबायचं. पावलांचा आवाज आला की मी पंच पुस्तकाखाली सरकवायचो. पण हात पुढं आला की काढायचो आणि पाडून द्यायचो, नीट, रेषेत, एकाच ठोक्यात.

मग एक दिवस पावलं माझ्याकडं आली नाहीत. मी भिंतीकडं तोंड करून दोऱ्याला मेण लावत होतो. मागं हिचा आवाज आला, मामाजी, काय झालं म्हणून; सासऱ्याला ती मामाजीच म्हणायची. बक्कल सोडल्याचा बारीक आवाज झाला. बाबांनी घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं होतं. हे आता तूच ठेव, मला ओझं होतं, वेळ विचारून घेईन, म्हणाले.

घड्याळ! गार्डचं घड्याळ, आणि मला नाही, तिला. माझ्या हातातला दोरा तसाच राहिला. ही बिचारी घाबरली असावी, काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"मले सैल होते न हो, मामाजी."

बाबा म्हणाले, "नाही होत. यानं भोक बरोबर पाडलं आहे."

मी वळलो नाही. वळता आलं नाही. डोळे पुसले तर मेणाचा हात लागेल, म्हणून तेही केलं नाही. बाबा हळूहळू त्यांच्या खोलीत गेले.

बाबा आता नाहीत. घड्याळ तिच्या मनगटावर नव्या रायपूरला जातं आणि परत येतं. तिचं मनगट बारीक, बाबांचं शेवटी शेवटी झालं होतं तेवढंच, आणि बक्कल माझ्या शेवटच्या भोकात बसतं. सैल होत नाही. शिकायला आलेले लोक तिच्या पट्ट्याचे टाके बघतात, भोकाकडं कोणी बघत नाही, त्याचं मला काही नाही. टाक्यांचाही हेवा आता उरला नाही, किंवा थोडासाच उरला आहे.

हेवा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. जन्मभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते माझं होतं, पण बाबा बोलले तिच्याशी. तिनं ते त्यांच्या तोंडाकडं बघून ऐकलं आणि मी पाठमोरा बसून. बोलताना त्यांचा चेहरा कसा होता, हे मला तिलाच विचारावं लागतं. अधूनमधून विचारतो. ती हातातलं काम खाली ठेवते आणि सांगते.