गाडीच्या तळाचं भोक

सातपाटीला सुकट घ्यायला गेलो की बंदराच्या वाटेवर ते दिसायचे. होडी चालवणं सोडलेले म्हातारे तांडेल, आणि समोर भंगारातून आणलेली छोटी जपानी गाडी. खाऱ्या वाऱ्याने तिचा तळ गंजून चाळण झाला होता. मेकॅनिकने हात टेकले, तेव्हा त्यांनी बोटीला लावतात ते फायबर लावलं. प्रत्येक थर वाळला की बोटाने टकटक करून कान लावायचे. रंगही बोटीचाच, निळा. मागची सीट काढून बायकोच्या, म्हणजे मावशींच्या, मासळीच्या टबांना जागा केली. गुडघ्यांमुळे मावशींना रिक्षात चढवत नव्हतं, पालघरचा बाजार सुटला होता.

त्या रविवारी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मी ओरडलोच! नारळ फुटला, टब चढले, मावशी ऐटीत पुढे बसल्या, मी मागे टबांजवळ. पहिल्याच वळणाला बर्फाचा टब कलंडला आणि पाणी आतच साचलं. पाणी निघायला कंपनीने ठेवलेली भोकंही तांडेलांनी बुजवली होती!

"अवो, ही गाडी हाय का होडी?" मावशी पाय वर घेऊन हसत सुटल्या.

"तांडेल, तळाला एक भोक पाडा," मी म्हटलं.

ते गाडी थांबवून खाली उतरले. "जलम गेला भोकं बुजवन्यात. आता मीच पाडू?"

शेवटी गिरमिट घेऊन गाडीखाली सरकले आणि डोळे गच्च मिटून ते फिरवू लागले. पाण्याची धार थेट तोंडावर आली.

"आयला," ते खालूनच ओरडले, "बुडलो नाय!"